अकरा ते चार ती काय करते?

वाचकांचे प्रश्न, मानसोपचारतज्ज्ञांची उत्तरं

प्रश्न : डॉक्टर, नमस्कार. माझी बायको छत्तीस वर्षांची आहे. मुलगा आठ वर्षांचा, मुलगी चारची. मुलगी झाली तेव्हा तिने नोकरी सोडली, निर्णय दोघांनी मिळून घेतला होता. गेले तीन-चार महिने तिचं काहीतरी बिनसलंय असं मला वाटतं, पण बोट ठेवून दाखवता येत नाही. घरातलं सगळं वेळेवर होतं. मुलांचे डबे, गृहपाठ, कपडे, माझ्या आईची औषधं, कशातही खंड नाही. रडत वगैरे नाही. बोलणं मात्र कमी झालंय. विचारलं की 'काही नाही, दमलेय' म्हणते. मुलावर एकदम ओरडते, इतकी की तो दचकतो. मला रात्री जाग आली तर ती बहुतेक वेळा जागीच असते. कंबर आणि डोकं दुखतं म्हणून नेहमीच्या डॉक्टरांकडे दोनदा जाऊन आली, त्यांनी गोळ्या दिल्या. एकदा मी म्हटलं, 'तुला काय कमी आहे ते तरी सांग', तर उठून आत गेली. हे डिप्रेशन असेल का, की घरी राहून येणारा कंटाळा? ते ठरवतात कसं? तिला तज्ज्ञांकडे नेलं तर तिथे नेमकं काय विचारतात?

उत्तर : तुमच्या पत्रातली दोन वाक्यं मी पेन्सिलीने अधोरेखित केली. एक, 'घरातलं सगळं वेळेवर होतं'. दुसरं, 'तुला काय कमी आहे'. दुसऱ्याकडे नंतर येते. ते तुम्ही स्वतःहून कळवलंत म्हणून तूर्त सोडून देते.

पहिल्या वाक्याने मला एकदा चांगलंच फसवलं आहे. प्रॅक्टिस सुरू करून फार दिवस झाले नव्हते. डोकं दुखतं म्हणून एका फिजिशियननी माझ्याकडे पाठवलेल्या बाई आल्या. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलते. दोन मुलं, पूर्ण वेळ घरी. मला शिकवलं होतं तसं मी विचारत गेले. झोप कशी, भूक कशी, कामावर परिणाम होतोय का. 'सगळं वेळेवर होतं,' त्या म्हणाल्या. मी केसपेपरवर लिहिलं, 'घरकाम व्यवस्थित', आणि पुढच्या रकान्याकडे वळले. महिन्याने बोलावलं होतं. आल्या तीन महिन्यांनी, आठ किलोने उतरलेल्या, बहिणीचा हात धरून. 'तेव्हाच का नाही बोललात?' असा मूर्ख प्रश्न मी विचारला. त्यांचं उत्तर मला अजून पाठ आहे. 'काम हात करतात हो डॉक्टर. मी कुठे लागते त्याला?'

नोकरी करणाऱ्या माणसाचं मन आजारी पडलं की ते कुठेतरी कागदावर उमटतं. रजा वाढतात, चुका होतात, साहेब बोलावून घेतो. घरी असलेल्या आईच्या कामाला हजेरीपट नाही आणि रजेचा अर्जही नाही. लेकराला भूक लागली की लागली. त्यामुळे ते काम सगळ्यात शेवटी थांबतं. त्याच्या कितीतरी आधी तिचं स्वतःचं जे काही असतं ते एकेक करून बंद पडत जातं, आणि त्याने घरात कोणाचंच अडत नसल्यामुळे कोणाच्या लक्षात येत नाही.

म्हणून मी आता 'काम होतं का' हा प्रश्न मागे ढकलला आहे. आधी विचारते, सहा महिन्यांपूर्वी तुम्ही निव्वळ स्वतःसाठी काय करत होता? त्यातलं आज काय उरलंय? एकीला वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवल्याशिवाय चैन पडायचं नाही. गेले दोन महिने कोडी कोरीच रद्दीत जात होती. दुसरीच्या शिलाई मशीनवर एक फ्रॉक अर्धवट होता. सुई कापडात टोचलेली, बाही एकच लावलेली. तीन महिने तो तसाच. पुढे पुढे घरातले त्यावर इस्त्रीचे कपडे ठेवायला लागले. मशीनचं टेबल झालं हे घरातल्या पाच माणसांना दिसत होतं, पण त्यातून कोणाला काही कळलं नाही. तुम्ही तुमच्या घरात अशी वस्तू शोधा. न ऐकलेले मैत्रिणीचे व्हॉइस मेसेज असतील, न उघडलेलं पुस्तक असेल, सुकत चाललेली कुंडी असेल.

दुसरा प्रश्न वेळेचा. सगळे बाहेर पडल्यापासून पहिलं माणूस परत येईपर्यंत, म्हणजे साधारण अकरा ते चार, तुम्ही काय करता? बरी असलेली बाई या प्रश्नावर तक्रार तरी करते ('डोळ्याला डोळा लागत नाही, कामं संपतात कुठे'), नाहीतर हसून सांगते की मस्त ताणून देते. आजारी बाई गप्प होते. मग हळू आवाजात येतं : दार लावते आणि तिथेच खुर्चीत बसते. मध्येच घड्याळ बघते तर अडीच वाजलेले. साडेतीनला धडपडत उठते, चारच्या आत सगळं जागच्या जागी. तुम्ही संध्याकाळी येता ते या चारनंतरच्या घरात.

आता मोजपट्टीबद्दल. डिप्रेशनची नऊ लक्षणं धरतात. मन उदास किंवा पोकळ वाटणं, आवडत्या गोष्टीतला रस जाणं, झोप बिघडणं, भूक किंवा वजन बदलणं, थकवा, हालचाल आणि बोलणं मंदावणं किंवा उलट अस्वस्थ येरझारा, स्वतःला कमी लेखणं आणि अपराधी वाटणं, लक्ष न लागणं, मरणाचे विचार. यातली किमान पाच, सलग दोन आठवडे, जवळजवळ रोज आणि दिवसाचा बराच भाग. शिवाय त्या पाचांत पहिल्या दोघांपैकी एक हवंच. 'रडत वगैरे नाही' असं तुम्ही लिहिलंत. न रडताही डिप्रेशन असतं. रस गेला असेल तर ते पुरेसं आहे, आणि पुष्कळ आयांमध्ये उदासी ही चिडचिडीचं रूप घेऊन येते. दिवसा मुलावर ओरडायचं आणि रात्री त्याच्या अंगावरचं पांघरूण सारखं करत 'मी वाईट आई आहे' म्हणत जागायचं, हा जोड मी इतक्यांदा ऐकलाय की ओरडण्याचं कोणी सांगितलं की मी लगेच रात्रीचं विचारते.

याच नऊ लक्षणांवर बेतलेली पीएचक्यू-९ नावाची प्रश्नावली आहे, २००१ पासून जगभर वापरात. मागच्या दोन आठवड्यांत हे किती वेळा झालं, याला ० ते ३ गुण, एकूण २७. दहा किंवा अधिक आले तर नीट तपासणी हवी असं समजतात. ही चाळणी आहे, निदान नव्हे. तिच्या शेवटी गुण नसलेला एक जादा प्रश्न असतो : या त्रासामुळे काम करणं, घर सांभाळणं, माणसांशी जुळवून घेणं किती अवघड गेलं? 'घर सांभाळणं' त्यात आहे हे चांगलंच. पण तिथे बायका डोळे झाकून 'अजिबात नाही' वर खूण करतात. मी त्या खुणेवर बोट ठेवून विचारते, 'अवघड गेलं नाही, की अवघड जाऊनही केलंत?' बहुतेक वेळा खरं बोलणं इथून सुरू होतं.

लहान मुलांच्या आईत थकवा आणि झोपमोड तर असतेच, मग ते आजाराचं कसं म्हणायचं? तुमच्या मनातलं 'कंटाळा की आजार' हेही इथेच सुटतं. मुलं झोपली, घर शांत झालं, उद्या सुट्टी आहे, तरी झोप येत नाही का? किंवा पहाटे तीन-चारला जाग येऊन पुन्हा डोळा लागत नाही का? मुलांना दोन दिवस कोणी विश्वासाने सांभाळलं तर काय करावंसं वाटेल? दमलेली किंवा कंटाळलेली बाई या प्रश्नाने खुलते, तिची यादी तयार असते. आजारी बाई म्हणते, 'काय करणार, काहीच नाही.' विश्रांती मिळूनही जे उतरत नाही ते मला दमणं वाटत नाही.

तपासणीत आणखी काय होतं ते सांगते, म्हणजे दोघांचीही भीती कमी होईल. आधी शरीर. कंबर आणि डोकं दुखतं म्हणून त्या दोनदा डॉक्टरांकडे गेल्या, हे मी हलक्यात घेत नाही. दुखणं खरं असतं आणि डिप्रेशन पुष्कळदा याच वाटेने दवाखान्यात शिरतं. पण थायरॉइड मंद असलं, रक्त कमी असलं (गरोदर नसलेल्या स्त्रीचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली), ब-१२ उतरलेलं असलं तरी माणूस असाच मंद, थकलेला, चिडका होतो. म्हणून टीएसएच (थायरॉइडची रक्तचाचणी), रक्ताची संपूर्ण तपासणी, ब-१२ आणि साखर बघून घेतो. पाळी कशी आहे, गरोदरपणाची शक्यता आहे का, स्टेरॉइड किंवा हार्मोनच्या गोळ्या चालू आहेत का, वेदनाशामकं नाहीतर झोपेच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेणं वाढलंय का, दारू, हे सगळं विचारतो. घरात आधी कोणाला असा त्रास होता का हेही.

मग एक प्रश्न नातेवाइकांना विचित्र वाटतो. पूर्वी कधी असे दिवस आले होते का, की दोन-तीन तास झोपूनही त्या टवटवीत होत्या, बोलणं थांबत नव्हतं, डोक्यात योजनांवर योजना, वारेमाप खर्च? असं होऊन गेलेलं असेल तर आजार बायपोलर, म्हणजे कधी उदासी तर कधी असा अतिउत्साह अशा दोन टोकांचा असू शकतो, आणि तिथे नुसती डिप्रेशनची गोळी दिली तर माणूस दुसऱ्या टोकाला जाऊ शकतो. हे तुम्हाला आठवत असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. आजारी माणसाला स्वतःला ते 'चांगले दिवस' म्हणून आठवतात.

आणि हो, तुम्हाला थोडा वेळ बाहेर बसावं लागेल. राग मानू नका. घरात मारहाण, धाक, पैशाची अडवणूक, जबरदस्ती होते का हे प्रत्येक बाईला एकटीला विचारायचं असतं, कितीही सज्जन नवरा बाहेर बसलेला असो. तुमच्यावर कोणी संशय घेतलेला नसतो. सरसकट सगळ्यांना विचारलं तरच जिला खरंच सांगायचंय ती सांगू शकते.

मरणाच्या विचारांबद्दलही विचारतो, थेट. विचारल्याने नसलेली कल्पना डोक्यात घुसते ही समजूत चुकीची आहे. माझ्यासमोर तर माणसं सुटकेचा श्वास टाकतात. पायरीपायरीने जातो. जगण्यात राम नाही असं वाटतं का, झोपेतून उठूच नये असं वाटतं का, जीव द्यावासा वाटतो का, काही ठरवलंय का. आयांना मी एक जास्तीचं विचारते : 'तुमच्यामागे मुलांचं काय, याचा विचार येतो का? काय येतो?' 'त्यांच्यासाठी थांबलेय' असं उत्तर आलं तर ती दोरी आहे, आम्ही ती घट्ट धरतो. 'माझ्याशिवाय त्यांचं बरंच होईल' असं आलं, किंवा त्यांनाही सोबत नेण्याचा विचार असल्याचं कळलं, तर त्या दिवशी त्यांना एकटं घरी पाठवत नाही. असं वाक्य घरी कानावर आलं तर भेटीच्या तारखेची वाट बघू नका. माणूस एकटं सोडू नका, साठवलेली औषधं हाताशी ठेवू नका, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

आता 'तुला काय कमी आहे'. १९७८ साली जॉर्ज ब्राउन आणि टिरिल हॅरिस या दोन संशोधकांनी लंडनच्या कॅम्बरवेल भागातल्या बायकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आयुष्यात मोठा धक्का बसल्यावर कोण डिप्रेशनमध्ये जातं आणि कोण तरतं, हे ते शोधत होते. धोका वाढवणाऱ्या चार गोष्टी त्यांनी काढल्या : मन मोकळं करता येईल असं जवळचं नातं नसणं, चौदा वर्षांखालची तीन किंवा अधिक मुलं घरात असणं, घराबाहेर पगाराचं काम नसणं, आणि अकरा वर्षांची होण्याआधी आई गमावलेली असणं. यातली पहिली गोष्ट नवऱ्याच्या हातातली असते. घर, पैसा, मुलं, तब्येत हे सगळं असूनही ज्याच्यापाशी बोलता येईल असं एक माणूस नसू शकतं. तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर कदाचित तेच होतं, आणि ते तुम्हालाच कसं सांगायचं म्हणून त्या उठून आत गेल्या.

पुन्हा बोलाल तेव्हा निष्कर्ष सांगू नका, दिसलेलं सांगा. 'तुला डिप्रेशन आलंय' म्हटलं की दार बंद. 'रात्री तीनला तू जागी असतेस, आज चौथ्यांदा बघतोय. मला काळजी वाटते' एवढं म्हणून गप्प बसा. गप्प बसणं हा त्यातला अवघड भाग आहे. लगेच फिरायला जा, छंद लाव, जुन्या ऑफिसात फोन कर, असे उपाय सुचवू नका. 'दमलेय' असं उत्तर आलं तर 'मग त्या दमण्यासाठीच डॉक्टरांकडे जाऊ' म्हणा. शब्द त्यांचाच वापरा, भांडण होत नाही.

आणि अपॉइंटमेंट घेण्याआधी मुलांचं ठरवा. हे क्षुल्लक वाटेल. पण माझ्याकडच्या कित्येक आया दुसऱ्या भेटीला आल्या नाहीत त्याचं कारण शाळा सुटण्याची वेळ हे होतं. पहिल्या भेटीला तासभर लागतो, पुढे समुपदेशन ठरलं तर काही आठवडे ठरावीक वार मोकळा लागतो. त्या वेळात मुलं कोण बघणार, आईंना औषध कोण देणार, हे तुम्ही ठरवून मगच त्यांना तारीख सांगा. त्यांनाच व्यवस्था लावायला सांगितलीत तर तपासणी हे त्यांच्या यादीतलं आणखी एक काम होऊन बसेल.

प्रश्न : माझ्या सुनेचं बाळ सात आठवड्यांचं आहे. ती सारखी रडते, बाळ झोपलं तरी झोपत नाही, 'मला जमणार नाही' म्हणते. मुलगा म्हणतो, आई, हे सगळ्यांनाच होतं, आपोआप जातं. मला पटत नाही, पण सासूने नाक खुपसावं का?

उत्तर : खुपसा, सासूबाई. या बाबतीत तुमचं नाक बरोबर जागी आहे.

तुमचा मुलगा म्हणतो ते अर्धं खरं आहे. बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून रडू येणं, मन हेलकावणं पुष्कळ जणींना होतं आणि औषधाशिवाय दोन आठवड्यांत ओसरतं. सातवा आठवडा म्हणजे ती मुदत कधीच उलटली. यासाठी १९८७ पासून वापरात असलेली एडिनबरो प्रश्नावली आहे, दहा प्रश्नांची, मागच्या सात दिवसांबद्दल. ती करणाऱ्यांनी शहाणपणा केला : थकवा, भूक, वजन हे त्यात घेतलंच नाही, कारण ओल्या बाळंतिणीत ते बदललेलंच असतं. झोपेचंही विचारलंय ते असं, की मन इतकं दुःखी आहे का की झोप लागत नाही. तुम्ही लिहिलंत ना, बाळ झोपलं तरी ती झोपत नाही. नेमकं तेच. प्रसूतीच्या डॉक्टरांकडे किंवा बाळाच्या लसीच्या वेळी या प्रश्नावलीबद्दल विचारा, हाच आठवडा गाठा. अंगावर पाजत असताना देता येतात अशी औषधं आहेत, तेव्हा 'दूध बंद करावं लागेल' या भीतीने थांबू नका. तोवर रात्रीची एक पाळी तुम्ही आणि मुलाने वाटून घ्या, तिला सलग चार-पाच तास पडू द्या.

मात्र ती असंबद्ध बोलू लागली, नसलेले आवाज ऐकू येतात म्हणाली, बाळाबद्दल भलतंच काही ठामपणे सांगू लागली, किंवा दोन-तीन रात्री न झोपताही थकलेली दिसली नाही, तर ती तातडीची वेळ आहे. त्याच दिवशी हॉस्पिटल.

प्रश्न : वय एक्केचाळीस. मुलं बारा आणि पंधरा वर्षांची. पंधरा वर्षं घरीच आहे. मोबाइलवर ती नऊ प्रश्नांची चाचणी केली, १३ गुण आले. शेवटच्या प्रश्नाला मी १ दिला आहे. कोणाला सांगितलेलं नाही. नवरा वाईट नाही, पण 'रिकामं डोकं' म्हणेल. डॉक्टरांकडे गेले तर गोळ्या जन्मभर मागे लागतील आणि वेडी ठरवून मुलांना माझ्यापासून तोडतील, अशी भीती वाटते. शिवाय मी कमवत नाही. माझ्यावर खर्च कशाला?

उत्तर : पत्र पाठवलंत म्हणजे एकाला सांगितलंत. मी ते वाचलं.

तेरा गुण म्हणजे मधली पायरी. दहा ते चौदा मध्यम, पंधरापासून पुढे जास्त, वीसपासून तीव्र. पण मी तुमच्या तेराकडे नंतर बघेन, आधी शेवटच्या त्या एकाकडे. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. तिथे शून्य सोडून काहीही असलं तर एकूण बेरीज कितीही कमी असो, डॉक्टरांनी समोर बसून विचारायचं असतं. म्हणून ही भेट याच आठवड्यात हवी. आणि हे वाचताना तो विचार 'वाटतं' वरून 'ठरवलंय' कडे गेला असेल, कधी आणि कसं हे मनात आलं असेल, तर आठवडा नाही, आत्ता. नवऱ्याला हाक मारा. तो काय म्हणेल हा प्रश्न आज बाजूला ठेवा. तो घरी नसेल तर शेजारीण, बहीण, कोणीही, किंवा चोवीस तास चालणारी हेल्पलाइन. एकटीने बसू नका.

गोळ्यांचं सांगते. मध्यम डिप्रेशनमध्ये नुसत्या समुपदेशनानेही बऱ्याच जणी बऱ्या होतात. विचार तपासून बघायला शिकवणारी सीबीटी ही पद्धत आहे, बंद पडलेल्या गोष्टी अगदी छोट्या तुकड्यांत पुन्हा सुरू करून देणारीही एक पद्धत आहे. अर्धवट फ्रॉकची दुसरी बाही आज नाही लावायची, फक्त वरचे कपडे उचलायचे, असं काहीसं. औषध लागलंच तर सहसा एसएसआरआय या डिप्रेशनच्या गोळ्यांच्या गटातलं देतात. पहिल्या आठवड्यात मळमळ किंवा डोकेदुखी होऊ शकते, गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, पूर्ण परिणाम दिसायला सहा-आठही. 'आठवडा घेतली, काही फरक नाही' म्हणून सोडणाऱ्यांची संख्या मोठी आहे. त्यात जाऊ नका. पूर्ण बरं वाटल्यावर पुढे निदान सहा महिने चालू ठेवून मग हळूहळू कमी करतात. पहिल्याच वेळचा त्रास असेल तर पुष्कळांची गोळी सुटते. पुन्हा पुन्हा होणाऱ्यांना जास्त काळ लागते. झोपेच्या गोळीसारखी हिची चटक लागत नाही, पण एकदम बंद केली तर चक्कर, बेचैनी होते, म्हणून मनाने सोडायची नाही.

डिप्रेशनचं निदान झालं म्हणून कोणी आईपासून मुलं तोडत नाही. मी इतकी वर्षं हे काम करते, माझ्या एकाही पेशंटच्या वाट्याला ते आलेलं नाही. उपचार सुरू झाल्यावर घरी पहिला फरक बहुधा मुलांनाच कळतो. एका बाईंचा बारा वर्षांचा मुलगा मला म्हणाला होता, 'आई हल्ली ऐकताना माझ्याकडे बघते.'

खर्चाबद्दल वाद घालणार नाही. फक्त एवढंच विचारते, हाच १३ चा आकडा तुमच्या मुलीचा असता तर तुम्ही घरातल्या कोणाची परवानगी मागितली असती? स्वतःला किंमत नाही असं वाटणं त्या नऊ प्रश्नांमध्ये सहाव्या नंबरवर आहे. तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य मी त्याच रकान्यात टाकलं आहे.

मानसोपचारतज्ज्ञ एकदम नको वाटत असतील तर नेहमीच्या डॉक्टरांपासून सुरुवात करा. थायरॉइड, हिमोग्लोबिन, ब-१२ ते करून घेतीलच. तुमच्या वयात पाळीची गडबड सुरू झाली असेल तर तीही सांगा. तिथे गेल्यावर शब्द फुटणार नाहीत असं वाटत असेल तर मला लिहिलेलं हे पत्र दुसऱ्या कागदावर उतरवून घ्या, नवव्या प्रश्नाच्या ओळीसकट, आणि खुर्चीत बसल्या बसल्या टेबलावर पुढे सरकवा. वाचायचं काम त्यांचं.